रोज खिशात ठेवायचा कस्टम टॉर्च: पहिला टॉर्च कसा निवडावा

आपल्या घरात ‘बॅटरी आण रे’ म्हटलं की मुलगा टॉर्च घेऊन येतो. या लेखात ही गल्लत चालणार नाही, म्हणून आधीच ठरवून घेऊ. हातात धरायचा तो टॉर्च आणि त्याच्या आत बसतो तो सेल. कस्टम टॉर्चमध्ये या दोघांची निवड वेगवेगळी करावी लागते, आणि नवख्याचे पैसे बहुतेक वेळा सेलकडे दुर्लक्ष केल्यानेच वाया जातात.

रेडिमेड टॉर्चमध्ये सगळं कंपनी ठरवते. कस्टममध्ये बॉडी, एलईडी, ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट), रिफ्लेक्टर किंवा लेन्स आणि स्विच तुम्ही ठरवता. त्याचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे तुम्ही पर्याय निवडायचे आणि बनवणाऱ्याने जोडून पाठवायचं. एमिसारचा डी४व्ही२ आणि कॉन्व्हॉयचा एस२ प्लस हे दोन टॉर्च या रस्त्यावरचे सगळ्यांत माहितीतले. दुसरा रस्ता म्हणजे नुसता ‘होस्ट’, म्हणजे रिकामी बॉडी घ्यायची आणि आतलं सगळं स्वतः झाळून बसवायचं. पहिला टॉर्च जोडून मागवा. तो महिनाभर वापरल्यावर आपल्याला नेमकं काय कमी पडतं ते कळतं, मग दुसरा स्वतः जोडा.

काम आधी, आकडे नंतर

टॉर्च कुठे वापरणार ते एका ओळीत कागदावर लिहा. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या सोसायटीत लाईट गेल्यावर जिना उतरणं, निफाड-दिंडोरीकडे रात्रीच्या थ्री-फेजवर मोटार चालू करून मळ्यात पाणी भरणं आणि कळसूबाईला पहाटेच्या अंधारात चढणं या तिन्ही कामांना वेगळा टॉर्च लागतो.

जिना, गाडीची डिकी, फ्यूज बॉक्स यांसाठी ५ ते ८० ल्यूमेन (एकूण प्रकाशाचं माप) पुरतात. इथे टॉर्च छोटा असणं महत्त्वाचं, कारण मोठा टॉर्च घरीच राहतो. एए किंवा १४५०० (एएएवढ्याच आकाराचा लिथियम) सेलचा, बोटाएवढा टॉर्च या कामाला उत्तम.

मळ्यात बांधावरून चालताना दोन गोष्टी लागतात. पायापुढचं चार-पाच मीटर सगळं दिसलं पाहिजे, कारण मण्यार रात्रीच हिंडते आणि घोणस वाळलेल्या पाल्यात बेमालूम मिसळते. त्यासाठी पसरट झोत, ज्याला फ्लड म्हणतात, आणि १५० ते ३०० ल्यूमेन. बिबट्याचा वावर असलेल्या भागात उसाच्या फडाची कड लांबून न्याहाळायची असते, तिथे लांब पल्ल्याचा झोत म्हणजे थ्रो लागतो. एका टॉर्चमध्ये दोन्ही पूर्णपणे मिळत नाहीत. एकच घ्यायचा असेल तर मध्यम रिफ्लेक्टरचा, एकाच एलईडीचा टॉर्च घ्या. एस२ प्लस याच प्रकारातला, साधारण १२ सेंटिमीटर लांब आणि २४ मिमी जाड.

ट्रेकिंगला हातातला टॉर्च दुय्यम समजा. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर दोन्ही हात खोबणीत लागतात, तिथे डोक्याला हेडलॅम्पच हवा. खिशातला टॉर्च वाट शोधायला आणि हेडलॅम्प बंद पडला तर आधाराला. पावसाळ्यात इगतपुरी, त्र्यंबककडच्या धुक्यात पिवळा प्रकाश आरपार जातो असं सर्रास सांगितलं जातं. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे रंगाने फारसा फरक पडत नाही. टॉर्च डोळ्यांजवळ न धरता कमरेच्या उंचीवर धरला की डोळ्यांवर परतणारा प्रकाश कमी होतो. फरक त्याने पडतो.

थ्रो मोजायचं सूत्र सोपं आहे. कँडेलाचं, म्हणजे झोताच्या मध्यावरच्या तीव्रतेच्या आकड्याचं, वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, तेवढे मीटर. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. पण हे अंतर ०.२५ लक्सपर्यंतचं, म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडेल तिथवरचं. काय दिसतंय ते ओळखू यायला हवं असेल तर निम्मं अंतर धरा.

खोक्यावरचा आकडा आणि तासाभराचा प्रकाश

डी४व्ही२ सारख्या चार एलईडींच्या टॉर्चचा टर्बो, म्हणजे कमाल प्रकाश, हजारो ल्यूमेन देतो आणि बघणारा थक्क होतो. तो प्रकाश मिनिटभरही टिकत नाही. एलईडीला दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णता होते आणि ती बाहेर टाकायला बॉडीशिवाय दुसरी जागा नसते. १८६५० या मापाच्या लिथियम सेलच्या आकाराची ॲल्युमिनियमची बॉडी स्थिर हवेत ढोबळमानाने ३ ते ५ वॅट सोसते. त्यापुढे हात पोळतो आणि ड्रायव्हर प्रकाश आपोआप उतरवतो. चांगल्या रंगाचा एलईडी १ वॅटला साधारण १०० ल्यूमेन देतो असं धरलं, तर ३ ते ५ वॅट म्हणजे ३०० ते ५०० ल्यूमेन. एवढ्या आकाराचा कुठलाही टॉर्च तासभर जो प्रकाश देईल तो इतकाच, मग खोक्यावर ४००० लिहिलेलं असो की ८००.

नाशकातल्या एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हाळ्यात हा आकडा आणखी खाली येतो. डी४व्ही२ वरच्या अँड्युरिल सॉफ्टवेअरची तापमान मर्यादा मुळात ४५ अंशांवर ठेवलेली असते. हवाच ४० अंशांची असेल तर बॉडीला गरम व्हायला वावच राहत नाही आणि टॉर्च लगेच मंदावतो. तोच टॉर्च डिसेंबरात निफाडच्या थंड वाऱ्यात कितीतरी वेळ उजेड धरून ठेवतो. म्हणून दोन टॉर्चची तुलना करताना टर्बोचा आकडा झाकून ठेवा आणि ३०० ल्यूमेनवर किती तास चालतो ते बघा. वेळेच्या आकड्यातही एक मेख आहे. टॉर्चचे आकडे मोजायच्या एफएल१ मानकात मूळ प्रकाशाच्या १० टक्के उरेपर्यंतचा सगळा वेळ धरतात. ‘३ तास’ लिहिलेल्या टॉर्चने त्यातले अडीच तास मिणमिणत काढलेले असू शकतात. वेळेनुसार प्रकाशाचा आलेख मिळत असेल तर तोच बघावा.

सेल: इथे काटकसर नको

१८६५० या आकड्यातच माप आहे: १८ मिमी जाडी, ६५ मिमी लांबी. २१७०० म्हणजे २१ आणि ७० मिमी. पहिल्या टॉर्चला १८६५० घ्या. खिशात मावतो, चार्जर सहज मिळतो आणि पुढचे टॉर्चही याच सेलवर चालतील.

सेलचे दोन आकडे बघायचे, क्षमता आणि सतत किती अँपिअर देऊ शकतो ते. दोन्ही एकदम जास्त मिळत नाहीत. सान्योचा जीए ३५०० एमएएच आणि १० अँपिअरचा, सॅमसंगचा ३०क्यू ३००० एमएएच आणि १५ अँपिअरचा, मॉलिसेलचा पी२६ए २६०० एमएएच पण ३५ अँपिअरचा. एस२ प्लससारखा टॉर्च ३ अँपिअरच्या आत ओढतो, त्याला जीए योग्य. चार एलईडींचा डायरेक्ट ड्राइव्ह (सेलमधून थेट करंट घेणारा) टॉर्च १० अँपिअरच्या वर जातो. त्यात जीए घातला तर सेल त्याच्या मर्यादेबाहेर ओढला जातो आणि तापतो. तिथे ३०क्यू किंवा पी२६ए घाला.

एमजी रोडवर किंवा ऑनलाइन ‘९९०० एमएएच’ छापलेला १८६५० दिसला तर हात लावू नका. या मापात ३५०० च्या आसपास जाणारा सेल उत्तम समजला जातो, दहा हजाराच्या गप्पा शुद्ध थाप. ओळखायची सोपी खूण म्हणजे वजन. सराफाचा नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे. अस्सल सेल ४५ ते ४९ ग्रॅम भरतो, नकली बरेचदा त्याहून पुष्कळ हलका निघतो. खात्री करायची असेल तर क्षमता मोजणारा चार्जर घ्या.

लांबीकडेही लक्ष द्या. ‘प्रोटेक्टेड’ सेलच्या बुडाशी एक छोटं सर्किट असतं, त्यामुळे तो ६८ ते ७० मिमीपर्यंत लांबतो आणि आखूड टॉर्चमध्ये बसत नाही. जोर लावून झाकण फिरवलं तर स्प्रिंग चेपते किंवा ड्रायव्हरवरचा संपर्क दबतो. मागवतानाच विचारा: सपाट टोकाचा चालतो की उठावाचा, आणि जास्तीत जास्त किती लांबीचा.

सेल हातात आल्यावर सगळ्यांत आधी वरची कड बघा. १८६५० ची पूर्ण धातूची बाहेरची भिंत म्हणजे ऋण टोक, आणि ती धन टोकाच्या अगदी जवळ येऊन थांबते. मध्ये असते फक्त पातळ प्लास्टिकची साल आणि एक पांढरी चकती. तिथे नखाएवढी जरी साल फाटली तरी सेल शॉर्ट होऊ शकतो. फाटलेला सेल वापरू नका, नवी पीव्हीसी साल हेअर ड्रायरने आवळून चढवा. सुटा सेल किल्ल्यांसोबत खिशात कधीच टाकायचा नाही, प्लास्टिकच्या डबीतच ठेवायचा. चार्जिंग १ अँपिअरवर करा, १४५०० असेल तर ०.५ च्या आत. ४.२ व्होल्ट म्हणजे भरलेला. ३ व्होल्टच्या आसपास आला की लावा. २.५ च्या खाली बराच काळ पडून राहिलेला सेल पुन्हा चार्ज करू नका, ई-कचऱ्यात द्या. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर टॉर्च ठेवू नका. ओझरहून विमानाने जात असाल तर सुटे सेल केबिनच्या बॅगेतच न्यावे लागतात, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

एलईडी आणि प्रकाशाचा रंग

कस्टम टॉर्चचा खरा आनंद इथे आहे. केल्विनमध्ये प्रकाशाची छटा मोजतात. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा, ४००० ते ४५०० समतोल, ५००० ते ५७०० भर दुपारसारखा, ६५०० निळसर थंड. सीआरआय हा वेगळा आकडा, रंग किती खरे दिसतात त्याचा. स्वस्त टॉर्चमधल्या थंड पांढऱ्या एलईडीचा सीआरआय ७० च्या आसपास असतो, चांगल्याचा ९० च्या वर.

फरक कुठे कळतो? जुन्या घरातला स्विचबोर्ड उघडा. ७० सीआरआयच्या निळसर उजेडात मळकट लाल वायर आणि तपकिरी वायर एकाच रंगाच्या भासतात. ९० च्या वरच्या उजेडात लाल ती लालच दिसते. लाल रंग खरा दाखवण्याचा आकडा आर९ या नावाने वेगळा देतात. निचिया कंपनीच्या ५१९ए या एलईडीवर ‘आर९०८०’ असा कोड असतो, म्हणजे सीआरआय ९० आणि आर९ ८०. जखमेतलं रक्त, वायरी, पाल्यातली घोणस या सगळ्यांत तपकिरी-लाल छटाच महत्त्वाच्या असतात. म्हणून पहिल्या टॉर्चला निचिया ५१९ए, ४५०० केल्विन ही शिफारस. ल्यूमेन थोडे कमी मिळतात, पण डोळ्यांना जास्त कळतं.

ल्युमिनसचा एसएसटी-२० (४००० केल्विन, उच्च सीआरआयचा) थ्रोला बरा, पण काही नग किंचित हिरवट निघतात. हिरवी झाक तुम्हाला खटकते का हे स्वतःच्या डोळ्यांनीच ठरवावं लागतं. ५१९ए वरचा सिलिकॉनचा घुमट कापून काढणारेही आहेत. त्याने छटा सुमारे हजारभर केल्विनने उबदार होते आणि झोत घट्ट होतो. पण पहिल्या टॉर्चवर हा प्रयोग करू नका, कापताना धक्का लागला की एलईडी गेला.

ड्रायव्हर

यात तीन प्रकार लक्षात ठेवा. लिनियर ड्रायव्हर ७१३५ या चिपांवर चालतो. एक चिप ३५० मिलिअँपिअर देते, आठ लावल्या की २.८ अँपिअर. साधा आणि टिकाऊ, आणि सेल बराच उतरेपर्यंत प्रकाश स्थिर ठेवतो. एफईटी म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह: सेल जेवढा देईल तेवढा करंट सरळ एलईडीला. सुरुवातीचा भडका मोठा, पण सेल उतरेल तसा प्रकाशही उतरतो आणि टॉर्च तापतो. बक किंवा बूस्ट ड्रायव्हर व्होल्टेज बदलून देतो, वीज कमी वाया घालवतो आणि किंमत वाढवतो. एका ३ व्होल्टच्या एलईडीला लिनियर पुरतो.

डी४व्ही२ घेतला तर अँड्युरिल शिकावं लागेल. एक क्लिक चालू-बंद, बंद असताना दाबून धरलं की अगदी मंद उजेडापासून वर चढत जातं, दोन क्लिक म्हणजे कमाल प्रकाश, तीन म्हणजे सेलचं व्होल्टेज, चार म्हणजे लॉक. खिशात टाकण्याआधी चार क्लिक करायची सवय पहिल्याच दिवशी लावा. चार एलईडींचा टॉर्च खिशात चुकून टर्बोवर लागला तर कापड जळतं, मांडी भाजते. घरात लहान मुलं असतील तर ‘सिंपल’ मोडवरच ठेवा, त्यात कमाल प्रकाश आवरलेला असतो. दहा क्लिक करत दहाव्याला धरून ठेवलं की ‘ॲडव्हान्स्ड’ सुरू होतं.

धातू

नाशिकच्या माणसाला भांडी बाजारामुळे तांब्या-पितळेचं अप्रूप असतंच आणि तांब्याचा टॉर्च दिसतोही देखणा. पण आकडे बघा. उष्णता वाहून नेण्यात तांबं ३९० च्या आसपास, ६०६१ ॲल्युमिनियम १६७, पितळ सव्वाशेच्या आत आणि ग्रेड ५ टायटॅनियम जेमतेम ७. तांबं उष्णता झपाट्याने ओढून घेतं, पण ॲल्युमिनियमच्या सव्वातीन पट जड. पँटचा खिसा लोंबतो. टायटॅनियमची बॉडी गरम एलईडीची उष्णता अडवून ठेवते, म्हणून त्यात मंद टॉर्चच शोभतो. पहिल्यांदा ॲल्युमिनियम घ्या, हार्ड अॅनोडाइझ केलेलं, म्हणजे वर कठीण ऑक्साइडचा थर चढवलेलं.

याला सुरक्षिततेचंही कारण आहे. ॲल्युमिनियमच्या आट्यांवर अॅनोडाइझचा थर असतो आणि तो वीज वाहू देत नाही. मागचं झाकण पाव फेरी सैल केलं की सर्किट तुटतं, टॉर्च खिशात लागूच शकत नाही. उघड्या तांब्या-पितळेच्या आट्यांतून वीज जात राहते, तिथे ही युक्ती चालत नाही. आणि तांब्याचा टॉर्च चिंच-मिठाने किंवा पितांबरीने घासायचा असेल तर सेल काढून, झाकण लावून, आटे कोरडे ठेवूनच. बारीक भुकटी आट्यांत शिरली की प्रत्येक वळणाला धातू खरवडला जातो.

मागवताना

अलीएक्सप्रेसवर भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून किंवा भारतातल्या विक्रेत्याकडून घ्या. टॉर्च सेलशिवाय मागवा, लिथियम सेल असलेलं पार्सल अडकण्याची शक्यता जास्त. सेल भारतातच घ्या. आयात शुल्काचे पैसे वेगळे धरा. ऑर्डरच्या नोंदीत सगळं स्पष्ट लिहा, उदाहरणार्थ:

‘एस२ प्लस, काळी बॉडी, एक ५१९ए, ४५०० केल्विन, आर९०८०, घुमट न काढलेला, आठ चिपांचा ७१३५ ड्रायव्हर, खरबरीत रिफ्लेक्टर, क्लिपसह, सेलशिवाय.’

खरबरीत म्हणजे ऑरेंज पील रिफ्लेक्टर. गुळगुळीत रिफ्लेक्टर थोडा लांब फेकतो, पण झोतात कड्या दिसतात.

हातात आल्यावर

आधी आटे आणि ओ-रिंग बघा. कोरडे असतील तर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. पेट्रोलियम जेली नको, उन्हाळ्यात वितळून पसरते आणि काही रबरांना फुगवते. पूर्ण भरलेला सेल घालून पांढऱ्या भिंतीवर झोत पाडा. मधला ठिपका वाकडा किंवा अर्धचंद्रासारखा दिसला तर एलईडी रिफ्लेक्टरच्या मध्यावर बसलेला नाही. टॉर्च लुकलुकत असेल तर दहापैकी बहुतेक वेळा मागच्या झाकणातली किंवा पुढची रिटेनिंग रिंग सैल असते, टोकदार चिमट्याने तिच्या दोन खाचांत धरून आवळा. मंद प्रकाशावर टॉर्चपुढे हात झपकन हलवा. बोटांच्या सुट्या सुट्या प्रतिमा दिसल्या तर ड्रायव्हर प्रकाश चालू-बंद करून मंद करतोय, त्याने काहींचं डोकं दुखतं.

पावसाळ्याआधी पाण्याची चाचणी करा. सेल काढून आत टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा, झाकण घट्ट लावा, दहा मिनिटं बादलीत बुडवा. बाहेर काढून पुसा आणि मगच उघडा. टिश्यूवर ओला डाग कुठल्या टोकाला आहे त्यावरून कुठली ओ-रिंग बदलायची ते कळतं.

डी४व्ही२ सारखा इलेक्ट्रॉनिक स्विचचा टॉर्च बंद असतानाही थोडी वीज पितो. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर लावा, मागचं झाकण काढा, एक प्रोब सेलच्या ऋण टोकाला आणि दुसरा बॉडीच्या उघड्या कडेला. बटणाला स्पर्श करायचा नाही, टॉर्च लागला की मीटरचा फ्यूज उडतो. ५० मायक्रोअँपिअर दिसले तर ३००० एमएएचचा सेल पडून राहून संपायला साडेसहा वर्षांहून जास्त लागतील. तेच रंगीत सहायक एलईडी ठळक लावून ठेवल्यावर २ मिलिअँपिअर दिसले तर १५०० तास, म्हणजे दोन महिने. पडून राहणाऱ्या टॉर्चचे ते दिवे मंदावर ठेवा किंवा झाकण पाव फेरी सैल करून ठेवा.

दुसरा टॉर्च स्वतः जोडताना

होस्ट, १७ मिमी ड्रायव्हर, १६ मिमीच्या तांब्याच्या पट्टीवर बसवलेला एलईडी, २२ गेजची सिलिकॉन वायर, ६३/३७ चं सोल्डर आणि थर्मल पेस्ट, एवढं सामान लागतं. पट्टी ‘डीटीपी’ प्रकारचीच घ्या, तिच्यात एलईडीचं बूड थेट तांब्याला टेकतं. साध्या ॲल्युमिनियम पट्टीत मध्ये एक अडवणारा थर असतो.

तांबं सोल्डरिंग आयर्नची उष्णता झटकन शोषतं. २५ वॅटच्या आयर्नने सोल्डर गोळा होऊन बसतं आणि झाळ कच्ची राहते. ६० वॅटचा, तापमान ठरवता येणारा आयर्न ३५० अंशांवर ठेवा. वायरीचं टोक आणि पॅड दोन्ही आधी सोल्डरने भिजवा, मग जोडा. झाळीचा गोळा उंच राहिला तर रिफ्लेक्टरच्या बुडाला टेकून शॉर्ट होतो, स्वतः जोडलेल्या टॉर्चमधली ही सगळ्यांत नेहमीची चूक. मधली प्लास्टिकची चकती विसरू नका, ती एलईडी मध्यावर धरते आणि रिफ्लेक्टरला पॅडपासून लांबही ठेवते. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरे, जास्त झाली की उलट उष्णता अडते. फेव्हिक्विकसारखा गोंद आत कुठेही वापरू नका. त्याची वाफ काचेवर आणि एलईडीच्या घुमटावर पांढरी बुरशीसारखी बसते. सेल घालण्याआधी मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर लावून धन पॅड आणि रिफ्लेक्टर तपासा. मीटर वाजला तर परत उघडा, नाही वाजला तर सेल घालून सगळ्यांत मंद प्रकाशावर सुरू करा आणि पहिली पाच मिनिटं टॉर्चचं डोकं हाताला किती गरम लागतं ते बघा. प्रकाश वाढवल्यावर डोकं हळूहळू तापायला हवं. एलईडी निळसर होत मंदावतोय आणि डोकं मात्र गारच आहे असं झालं, तर पट्टी खाली नीट टेकलेली नाही. बंद करा, पेस्ट पुसून काढा आणि पट्टी पुन्हा बसवा.